चिकूवाल्यांची पंगत

"क्लबची किती पानं धरू?" विपुलने तिसऱ्यांदा विचारलं, तेव्हा कोथिंबीर निवडणाऱ्या पूर्वीला काहीतरी आकडा सांगणं भाग पडलं.

"धर पंधरा," ती म्हणाली आणि लगेच तिने जीभ चावली.

"पंधराच? मी पंचवीस समजत होतो. जुने लोकही असतील ना?"

"सगळ्यांना सुट्टी नाही मिळत दादा."

"बाबांच्या तेराव्याला सुट्टी नाही मिळत?" विपुलच्या कपाळावर आठी पडली. पण आजच्या दिवशी वाद नको म्हणून त्याने ती पुसली आणि अंगणात मांडवाखाली पुऱ्यांचं पीठ मळणाऱ्या आचाऱ्याला हाक दिली. "महाराज, पंधरा पानं वाढवा! फुटबॉलवाले आहेत, दणकून खातील."

"आवा दो ने भाई," महाराज तेलाकडे बघत म्हणाला. "पुरीला काय तोटा?"

पूर्वीने कोथिंबिरीत मान घातली. ज्या नवयुवक फुटबॉल क्लबसाठी डहाणूजवळच्या सरावली गावातल्या त्या अंगणात पुऱ्या तळल्या जाणार होत्या, तो क्लब बंद पडून दोन वर्षं झाली होती. आणि हे घरात कुणाला सांगायची तिची छाती झाली नव्हती.

क्लब होता तेव्हा मात्र झोकात होता. पूर्वीचे बाबा काशीनाथ डहाणू रोड स्टेशनच्या पार्सल ऑफिसात कारकून. आठवडाभर दिल्लीला जाणाऱ्या चिकूच्या खोक्यांवर नंबर टाकायचे आणि रविवारी टीम घेऊन किनारा गाठायचे. मैदान क्रिकेटवाल्यांनी सात पिढ्यांसाठी अडवलेलं, म्हणून हे लोक ओहोटीला उघड्या पडणाऱ्या वाळूवर खेळत. दोन बांबू इकडे, दोन तिकडे, टाचेने ओढलेली रेघ. वेळ ठरवणार समुद्र. पुनव-अवसेच्या आसपास संध्याकाळी वाळू मोकळी, अष्टमीच्या सुमारास दुपारी. त्या घरात भिंतीवरच्या कॅलेंडरमधली तिथी आई, अहिल्याबाई, संकष्टीसाठी बघायच्या आणि बापलेक मॅचसाठी. जर्सीचं कापड एका दुकानदाराने उरलेल्या ताग्यातून दिलं होतं, पिकल्या चिकूच्या रंगाचं. तेव्हापासून अख्खा तालुका त्यांना चिकूवाले म्हणू लागला. समोरची टीम "सोला रे चिकू!" म्हणून ओरडायची. काशीनाथ कमरेवर हात ठेवून उलट ओरडायचे, "सोला, पण बी गिळू नका!" आणि परकर-पोलक्यातली पूर्वी बांबूमागे उभी राहून टाळ्या पिटायची. तिच्या आयुष्यातला पहिला आवडता माणूस आणि पहिला आवडता क्लब यांत तिला कधी फरक करताच आला नाही.

मग काशीनाथना अर्धांगवायूचा झटका आला. उजवी बाजू गेली, बोलणं जड झालं, डोकं मात्र शाबूत राहिलं. ते हॉस्पिटलात होते त्याच महिन्यात क्लब संपला. भांडण नाही, काही नाही. दोघं बोईसरला कामाला लागले, एक वापीला, कॅप्टन लग्न करून सुरतेला गेला आणि उरलेल्यांना टेनिस बॉलच्या क्रिकेटमधली बक्षिसं दिसू लागली. घरी आणल्यावर पहिल्याच रविवारी काशीनाथनी खाटेवरून कष्टाने एकच शब्द विचारला, "मॅच?"

त्या डोळ्यांकडे बघून पूर्वीच्या तोंडून निघून गेलं, "झाली ना. आत्ता पाचला सुरू झाली, तिथूनच येतेय. तीन-एक."

एक खोटं झाकायला दहा लागतात म्हणतात. पूर्वीला अकरा लागली, वर दोन राखीव. शाळेत पेपर तपासता तपासता ती खेळाडू घडवायची. हाफ टाइमला बिडी ओढणारा गोलकीपर हाल्या तिने घडवला, डाव्या पायाचा धोंडी घडवला, त्याचा घोटा मोडला, तो बरा केला. खरं वाटावं म्हणून अधूनमधून टीमला हरवलंही. भेटायला येणाऱ्यांना ती फाटकातच गाठून सांगायची, "क्लबचा विषय काढू नका हं." शनिवार आला की तिची झोप उडायची, कारण उद्या मॅच लावायची असे. आणि रविवारी बाबा असे ऐकायचे, की शेवटची शिट्टी झाल्यावर तिला वाटायचं, आपण या माणसाला फसवतोय. ज्याच्याशी आयुष्यात कधी लबाडी केली नाही त्यालाच.

म्हणून ते गेले त्या सकाळी सगळे "सुटले बिचारे" म्हणत असताना तिच्या मनात आलं होतं, मी सुटले. आता रविवारी मॅच नाही. मग तिला स्वतःची इतकी लाज वाटली की तिला रडूच आलं नाही. बायका एकमेकींना म्हणाल्या, पोर धक्क्यात आहे.

*

विपुलने ट्रॉफी आतल्या खोलीत कपाटावर ठेवली होती, टॉवेलात गुंडाळून. काल वापीहून आणली. खाली 'काशीनाथ स्मृती चषक' असं कोरून घेतलेलं. आता तो ती काढून आत्याला दाखवत होता. आत्या म्हणजे काशीनाथांची धाकटी बहीण. आंब्याच्या झाडावरून झालेल्या भांडणानंतर ती या घरात पाऊल टाकत नव्हती. आता भाऊच गेल्यावर आली होती आणि आल्यापासून अहिल्याबाईंशी फक्त मिठामसाल्यापुरतं बोलत होती.

"जेवणाआधी, सगळ्यांसमोर द्यायची. कॅप्टनच्या हातात," विपुल म्हणाला.

"दे रे बाबा. एका तरी पोराने भावाचं नाव राखलं," आत्या म्हणाली. मग दाराकडे बघत आवाज चढवला. "बाकीचे नुसते बॉलमागे पळाले."

दारात विपुलची बायको निलम ताटांची चळत घेऊन उभी होती. "आत्या, जी बॉलमागे पळाली ना, तिनेच दोन वर्षं बाबांचं हगणंमुतणं काढलं. आम्ही तलासरीहून सणासुदीला यायचो, पाहुण्यासारखे."

"निलम!" विपुल म्हणाला.

"खोटं बोलले का मी?"

ती ताटं घेऊन गेली. आत्याने तोंड वाकडं केलं, "तुझी बायको कधीपासून तिच्या बाजूची?" विपुल ट्रॉफी पुन्हा टॉवेलात गुंडाळू लागला. निलमचं बोलणं खरं होतं आणि म्हणूनच त्याला झोंबलं होतं. बाबा आणि पूर्वी हातात हात घालून किनाऱ्याकडे निघायचे तेव्हा तो ओट्यावर गणितं सोडवत बसायचा. त्याला कुणी ये म्हटलं नाही असं नव्हतं. एकदा गेलाही होता. बॉल नाकावर बसला, सगळे हसले, त्यात बाबाही हसले. पुन्हा गेला नाही. पुढे नोकरी, तलासरीला घर, रोज वापीला जाणं-येणं. बाबांशी बोलायला काही विषयच उरला नाही.

आणि मग या आजारपणात चमत्कार झाला. रविवारी रात्रीच्या फोनवर बाबा त्याला मॅच सांगू लागले. जड जिभेने, एकेक शब्द ओढत. ऑफसाइड म्हणजे काय हे विपुलला अजूनही धड कळत नव्हतं, पण तो ऐकत राहायचा. पुढे पुढे तर रविवारची वाट बघायला लागला. सोमवारी कॅन्टीनमध्ये डबा उघडला की मित्र विचारायचे, "काय रे, चिकूवाल्यांचं काय झालं?" चाळिशी उलटल्यावर त्याला बाप मिळाला होता, तोही त्या क्लबमुळे. त्या पोरांचे आभार मानल्याशिवाय त्याला घास गेला नसता.

*

मागच्या दारी न्हाणीजवळ निलमने पूर्वीला गाठलं. "अगं, तुझी टीम कुठल्या गाडीने येतेय? पानं मांडायला घेतली महाराजांनी."

पूर्वीने इकडे तिकडे पाहिलं. "वहिनी, टीम नाहीये."

"म्हणजे येत नाहीये?"

"म्हणजे नाहीच आहे. दोन वर्षं नाहीये. बाबांना मी मनाच्या मॅच सांगायचे."

निलम पालथ्या बादलीवर बसली. आधी तिचे डोळे मोठे झाले, मग तिने पदर तोंडात कोंबला आणि तिचे खांदे हलायला लागले. सुतकाच्या घरात मोठ्याने हसणं बरं दिसलं नसतं.

"हसू नका हो."

"हसू नको तर काय करू? आमच्या घरी रविवारी रात्री हे मला टीव्ही बंद करायला लावायचे. बाबांचा फोन, मॅच आहे म्हणून! तो हाल्या नाही का, बिडीवाला, त्याचं लग्न जमेना म्हणून ह्यांनी माझ्या मामेबहिणीचं स्थळ काढलं होतं." मग तिने पदर खाली सोडला. "आणि ती पंधरा पानं?"

"घाबरून बोलले."

"असं करू. पालघरला त्यांची अचानक मॅच लागली म्हणून सांगू."

"म्हणजे अजून एक मॅच!" पूर्वीने हात जोडले. "नको. आता माझ्याच्याने एकही मॅच होणार नाही. मी सांगून टाकते दादाला."

"मग एकट्याला गाठून सांग. चारचौघांत नको. मनाला फार लावून घेतात ते. मी आत्यांना कोशिंबिरीला बसवते, तू जा."

पूर्वी पुढे गेली. पण अंगणात एक मोटारसायकल येऊन थांबली होती आणि विपुल दोन्ही हात पसरून तिकडे धावला होता. "या, या! क्लबचे ना?"

"क्लबचाच. जुना," उतरणारा माणूस म्हणाला.

तो लक्ष्या होता. एके काळचा चिकूवाल्यांचा डावीकडचा खेळाडू. पार्सल ऑफिसात खोकी चढवायचा, आता तलासरीकडच्या आपल्या पाड्यावर राहून टेम्पो चालवायचा. मागे बसलेली त्याची पुतणी शुक्री पाड्यावरच्या पोरापोरींना फुटबॉल शिकवत होती. पूर्वी घाईने तिकडे निघाली. लक्ष्याला क्लब बुडाल्याचं पक्कं माहीत होतं. शेवटची जर्सी त्यानेच तिच्याकडे परत आणून दिली होती.

तिने पुढे होऊन काही बोलायच्या आत विपुलने दोघांना हाताला धरून मांडवात नेलं आणि पहिल्या पंगतीत बसवलं. पंधरा पानं मांडलेली. त्यांतली दोन भरली. तेरा पानांवर मीठ आणि लिंबाची फोड तेवढी होती.

"बाकीचे?" समोरच्या ओळीत पानावर बसलेल्या आत्याने खड्या आवाजात विचारलं. सगळी पंगत पूर्वीकडे बघू लागली.

"येतील," विपुलच म्हणाला. त्याने टॉवेल सोडून ट्रॉफी हातात घेतली आणि घसा खाकरला. "पानावर बसलेल्यांना जास्त थांबवत नाही. बाबांची शेवटची दोन वर्षं ज्यांच्यामुळे आनंदात गेली, त्या क्लबला आमच्या घराकडून..."

"विपुलभाऊ, जरा थांब," लक्ष्या अवघडून म्हणाला. "आम्ही आलो ते काशीभाऊंच्या शब्दासाठी. भात कापून झालाय, खाचरं मोकळी झाल्यात. पाड्यावर टूर्नामेंट ठेवलीय. भाऊ फोनवर बोलले व्हते, चिकूवाले येणार म्हणून. आता ते नाय, तर धरायचं का नाय, ते विचारायला आलो."

"धरायचं! विचारता काय?" विपुलचा चेहरा उजळला. "बाबांनी शब्द दिला म्हणजे क्लब येणार. ही ट्रॉफी तिथेच ठेवू. पूर्वी, सांग ना त्यांना!"

पूर्वी मांडवाच्या खांबाला टेकून उभी होती. हो म्हटलं तर आजचा दिवस निभावत होता. जेवणं होतील, माणसं जातील, मग बघू. दोन वर्षं ती हेच करत आली होती. पण विपुल तिच्याकडे ज्या भरवशाने बघत होता, तसाच भरवसा बाबांच्या डोळ्यांत दर रविवारी असायचा, आणि तिला तो पुन्हा सोसवेना.

"दादा, क्लब नाही," ती म्हणाली. "बाबा हॉस्पिटलात होते तेव्हाच बंद पडला. मी त्यांना सांगायचे त्या सगळ्या मॅच खोट्या होत्या. हाल्या खोटा, धोंडी खोटा, सगळे खोटे. आज कुणी येणार नाहीये."

महाराजाने झारा कढईच्या काठावर ठेवला.

"खोट्या?" विपुल म्हणाला.

आत्या मात्र पानावरून उठली. "अगं, मरायला टेकलेल्या माणसाला फसवलंस? बापाला? दोन वर्षं? आणि वर सगळ्यांची शाबासकी घेतलीस?"

हे शब्द पूर्वीने स्वतःला इतक्या वेळा ऐकवले होते की तिला वेगळं काही वाटलं नाही. तिने मान खाली घातली.

*

अहिल्याबाई ओट्यावर बसल्या होत्या, माहेरच्यांनी दिलेलं लुगडं नेसून. लेकीला एक गोष्ट आज जेवणं आटोपल्यावर, निवांत सांगायची असं त्यांनी ठरवलं होतं. नवऱ्याने तसा शब्द घेतला होता, मी जिवंत असेपर्यंत तिला सांगू नकोस. पण नणंद तोवर तोंड आवरून थांबणाऱ्यांपैकी नव्हती हे त्या विसरल्या होत्या. त्या उठून मांडवात आल्या.

"वन्सं, बसा पानावर," त्या म्हणाल्या. "तिने कुणाला फसवलं नाही. ह्यांना पहिल्या दिवसापासून माहीत होतं."

पूर्वीने मान वर केली. "काय माहीत होतं?"

"तू पहिली मॅच सांगितलीस, संध्याकाळी पाचला झाली म्हणून. तू चहा टाकायला आत गेलीस आणि हे हसायला लागले. त्या आजारात पहिल्यांदा हसले. मी घाबरले, म्हटलं पुन्हा झटका आला की काय. तर म्हणाले, अगं, आज अष्टमी. पाचला तिथे भरती असते. पोरगी अख्ख्या टीमला कमरेभर पाण्यात खेळवून आली!"

लक्ष्या खो खो हसत सुटला आणि पानावर बसलोय हे आठवून थांबला. पूर्वीचं तोंड उघडंच राहिलं. अष्टमी! जन्म त्या वाळूवर गेला, आणि त्या दिवशी हॉस्पिटलातून आलेल्या थकव्यात तिने कॅलेंडरकडे पाहिलंच नव्हतं. पुढच्या रविवारपासून पाहायला लागली होती.

"मग लक्ष्याला फोन लावून विचारून घेतलं. क्लब बुडालाय हे कळलं तेव्हा एक दिवस जेवले नाहीत," अहिल्याबाई सांगत होत्या. "मी म्हटलं, पूर्वीला सांगू का, तुम्हाला कळलंय म्हणून? तर म्हणाले, खबरदार! रविवारी तेवढी मला भूक लागते, ती बंद करू नकोस."

"आणि तू मला सांगितलं नाहीस? आई, मी शनिवारी शनिवारी मरत होते गं!"

"दिसत होतं मला," अहिल्याबाई म्हणाल्या. "दोघांच्या मध्ये मी काय करू? त्यांचा घास बघू की तुझी झोप? मी त्यांचा घास बघितला. चुकलं माझं."

पूर्वी आईच्या गळ्यात पडली. तिला राग आला होता, खूप राग आला होता, पण त्याच्याखालून दुसरंच काहीतरी वर येत होतं आणि त्याला थोपवणं तिच्या हातात नव्हतं. तिने बाबांना फसवलं नव्हतं. ती सांगत होती आणि ते जाणून ऐकत होते. दोन वर्षं ती दोघं मिळून तेच करत होती जे ती सातव्या वर्षापासून करत आली होती, चिकूवाल्यांची मॅच बघत होती. ती आईच्या खांद्यावर ढसढसा रडली आणि रडता रडता तिला हलकं वाटू लागलं, ताप उतरल्यावर वाटतं तसं.

"मी पण फोनवर म्हटलं त्यांना," लक्ष्या म्हणाला. "भाऊ, क्लब बुडालाय, मग टूर्नामेंटला टीम कुठून आणणार? तर म्हणाले, माझी पोर दोन वर्षं एकटी अकरा जणांचं खेळते. तिला सात माणसं जमवायला काय वेळ?"

"सात?" पूर्वीने डोळे पुसत विचारलं.

"सात-सातचीच आहे टूर्नामेंट," शुक्री पहिल्यांदा बोलली. "खाचरात अकरा मावत नाहीत ताई. आणि तुमचे कमी पडले तर आमच्याकडे पोरी जास्त झाल्यात. त्यांना चिकू व्हायला चालेल."

पंगतीत हशा पिकला. आत्यासुद्धा पदराआड हसली आणि गपचूप पानावर बसली. महाराजाने सुटकेचा श्वास टाकून पहिली पुरी तेलात सोडली.

हसला नाही तो फक्त विपुल. त्याने ट्रॉफी खाली ठेवली होती आणि रिकाम्या पानांपैकी एका पानासमोर तो बसला होता.

"म्हणजे बाबांना माहीत, आईला माहीत, लक्ष्याला माहीत," तो हळूच म्हणाला. "गाढव मी एकटा. दर रविवारी मला सांगायचे ते. कशाला सांगायचे? मजा बघायला?"

निलम पाण्याचा जग घेऊन त्याच्यामागे येऊन उभी राहिली. अहिल्याबाई लेकाजवळ खाली बसल्या.

"तुझा फोन यायचा, आठवतं? जेवलात का, औषध घेतलंत का, ठेवतो. झालं. फोन बंद झाला तरी ते कानाला धरून बसायचे. एका रविवारी त्यांनी तुला मॅच सांगायला घेतली आणि तू ठेवला नाहीस. अर्धा तास थांबलास. त्या रात्री मला म्हणाले, आज विपुल थांबला."

विपुल पानाकडे बघत राहिला. निलमने त्याच्या खांद्यावर हात ठेवला.

"मला आवडायचं ते," तो म्हणाला. "खरंच आवडायचं. कॅन्टीनमध्ये सांगायचो मी. ती धुक्यातली मॅच तर मी दहा जणांना सांगितली असेल."

"कुठली धुक्यातली?" पूर्वीने विचारलं.

"तीच गं. बॉल दिसत नव्हता, आणि हाल्याने झेप घेऊन अडवला तो निघाला नारळ."

"नारळ?"

"आणि तोवर बॉल गोलात. पंच म्हणाला, नारळ अडवला ते बरोबर, पण गोल द्यावा लागेल. तूच सांगितलेली ना?"

"मी नाही सांगितली," पूर्वी म्हणाली.

"मग ती कुत्र्याची? बॉल तोंडात धरून सगळ्यांना चुकवून जाणारा कुत्रा? आणि पुढच्या रविवारी त्याला जर्सी शिवली ती?"

"दादा, माझ्या टीममध्ये कुत्रा नव्हता."

दोघं आईकडे बघू लागली. अहिल्याबाईंनाही नवल वाटलेलं दिसत होतं. "तुझी मॅच संपली की ते डोळे मिटून पडायचे, विपुलचा फोन येईपर्यंत," त्या म्हणाल्या. "हाक मारली तर हाताने गप्प बस म्हणायचे. मला वाटायचं, थकलेत."

पूर्वी विपुलच्या शेजारच्या पानावर येऊन बसली. निलमने दोघांना पाणी वाढलं, मग स्वतःही पलीकडच्या पानावर बसली आणि अहिल्याबाईंना हाताला धरून तिने आपल्या शेजारी बसवलं. महाराज पुऱ्या वाढत आला.

"अशा किती आहेत तुझ्याकडे?" पूर्वीने विचारलं.

विपुलने विचार केला. "दर रविवारची एक. तू जितक्या सांगितल्यास तितक्याच असतील."

पूर्वीने पान जवळ ओढलं.

"मग आधी नारळाची सांग," ती म्हणाली. "अगदी पहिल्या शिट्टीपासून."